डाव्या बाजूचा खळगा

मिस्त्रींच्या कारखान्यातून एकही खुर्ची, मिस्त्री स्वतः तिच्यावर बसल्याशिवाय बाहेर पडत नसे. नियम त्यांनीच केला होता आणि तो पाळायचा हक्कही त्यांनी स्वतःकडेच ठेवला होता. पॉलिशवाला एकदा पाय दुखतात म्हणून नव्या खुर्चीवर नुसता टेकला, तर मिस्त्रींनी ती खुर्ची पुन्हा पहिल्यापासून घासायला लावली. बिचाऱ्याने त्यानंतर कारखान्यात कशालाही टेकायचं सोडून दिलं.

या बसण्याचा थाट बघण्यासारखा होता. सकाळचा चहा झाला की तयार खुर्ची दाराजवळच्या उजेडात आणून ठेवायची. मिस्त्री तिच्याभोवती एक फेरी मारत, खिशातली मीटरपट्टी काढून बाजूला ठेवत, सावकाश बसत आणि डोळे मिटून घेत. करवत बंद, हातोडी बंद, सगळा कारखाना चिडीचूप. मिस्त्री जरा डावीकडे सरकत, जरा उजवीकडे सरकत, पाठ टेकत, पाठ सोडत, आणि शेवटी एकतर "हं" म्हणत, नाहीतर "अंहं". "हं" म्हणजे खुर्ची गाडीत चढली. "अंहं" म्हणजे पुन्हा रंधा. त्यावर अपील नव्हतं.

"डोळा फसतो, हात फसतो, पट्टीसुद्धा फसते," असं ते गिऱ्हाइकांना छातीवर हात ठेवून सांगत. "माझं बूड मात्र आजवर फसलेलं नाही."

"अहो, चारचौघांत तो शब्द कशाला?" मिस्त्रीणबाई मागून कुजबुजत.

"मग काय म्हणू? बुडाला बूडच म्हणतात."

बैठका कोरायचं काम मुलीकडे होतं. पस्तिशी उलटलेली, हात बापासारखाच सफाईचा, आणि तोंड आईसारखं, म्हणजे वेळ आल्याशिवाय न उघडणारं पण उघडलं की लवकर न मिटणारं. गोल पटाशी घेऊन ती फळीवर बसली की लाकडात अशी हलकी उतरण पडत जायची की नवखा माणूस त्या उतरणीवरून हात फिरवल्याशिवाय पुढे जात नसे. एवढं असूनही आपण कोरलेल्या खुर्चीवर ती एकदाही बसलेली नव्हती. एकदोनदा तिने विचारून पाहिलं होतं.

"बाबा, आज मी बसून बघू?"

"तू कोर. बसायला पोक्त अंग लागतं."

आता पस्तिशीचं अंग पोक्त नाही तर मग कधीचं पोक्त, हे विचारायची सोय नव्हती. मिस्त्रींना मुलीचा अभिमान होता, जीवही होता तिच्यावर, पण खुर्चीवर बसून "हं" म्हणणं ही त्यांच्या दृष्टीने त्यांची स्वतःची गोष्ट होती. ती गेली तर आपण म्हणजे नुसता एक म्हातारा सुतार उरू, असं त्यांना आतून वाटे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

अशात गावातल्या नाट्यगृहाचं काम आलं. जुन्या खुर्च्या काढून सगळ्या नव्या बसवायच्या, अख्ख्या लाकडाच्या, बैठका कोरलेल्या. कारखान्याला इतकं मोठं काम याआधी मिळालं नव्हतं. नाट्यगृहाचे मॅनेजर म्हणजे एक बारीक, सुकलेले गृहस्थ, सदैव घाईत. ते म्हणाले, "मिस्त्री, संचालकांना प्लास्टिकच्या आणायच्या होत्या. मी तुमच्या नावावर भांडून हे काम आणलंय. माझं नाक कापू नका."

"निश्चिंत राहा," मिस्त्री म्हणाले. "प्रत्येक खुर्चीवर मी जातीने बसणार."

पहिली खुर्ची तयार झाली. मिस्त्रींनी फेरी मारली, पट्टी काढून ठेवली, बसले, डोळे मिटले, आणि दुसऱ्याच क्षणी ताडकन उठले. डाव्या कुल्ल्यात खोलवर कुणीतरी दाभण खुपसल्यासारखी कळ उठली होती आणि ती मांडीच्या मागून सरसरत पोटरीपर्यंत गेली होती.

"अंहं," मिस्त्री म्हणाले. आवाज जरा चिरकला होता.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

"डावीकडे चढ राहिलाय."

मुलीने बैठकीवरून हात फिरवला. पट्टी आडवी ठेवून पाहिली. चढ कुठे दिसेना. पण निकाल लागलेला होता. तिने डावीकडे आणखी कोरलं. मिस्त्री बसले, उठले. आणखी कोरलं. बसले, उठले. असं करत करत डावीकडे चांगला लाडू मावेल एवढा खळगा पडला, तेव्हा कुठे मिस्त्रींच्या चेहऱ्यावरच्या आठ्या उतरल्या. डावा कुल्ला त्या खळग्यात अलगद अधांतरी राहत होता आणि दुखऱ्या जागेला लाकूड टेकतच नव्हतं. कळ नाही, काही नाही.

"हं!" मिस्त्री म्हणाले. "आता कशी बरोबर झाली."

"बाबा, ही वाकडी झालीय."

"बसतोय कोण? तू का मी?"

"तुम्ही."

"मग झालं तर. सगळ्या अशाच कर."

मुलीचं तोंड उघडलं, मग तिने ते मिटून घेतलं. पुढचे कित्येक दिवस ती मान खाली घालून खळगे कोरत होती आणि पटाशीवर हातोडी जरा जास्तच जोरात आपटत होती.

इकडे मिस्त्रींना आणखी एक शोध लागत चालला होता. घरातली जेवणाच्या टेबलापाशी असलेली खुर्ची, स्वतःच्या हातची, इतक्या वर्षांची, तीसुद्धा बिघडली होती. बसलं की तीच कळ. "लाकूड आटलं," असं म्हणून मिस्त्री उभ्यानेच जेवायला लागले. मग न्हाव्याची खुर्ची बिघडली. अर्धी दाढी झालेली असताना मिस्त्री उठून उभे राहिले आणि उरलेली अर्धी त्यांनी आरशासमोर उभ्याने करून घेतली. बँकेतला बाक तसाच. बसमधली सीट तर त्याहून वाईट. मिस्त्री घरी आले ते सुताराच्या धंद्याच्या नावाने बोटं मोडतच.

"काय काळ आलाय! अख्ख्या गावात बसायला एक धड जागा उरली नाही."

मिस्त्रीणबाई भांडी पुसत होत्या. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "सगळ्या गावाच्या खुर्च्या एकाच महिन्यात बिघडल्या का?"

"हो. हवेत काहीतरी फरक पडलाय."

"आणि तुमचं काही बिघडलेलं नाही?"

"माझं काय बिघडणार? चालतो, उभा राहतो, जिने चढतो. कुठे काही दुखतं का? नुसतं बसलं की दुखतं. म्हणजे दोष कुणाचा? बसायच्या वस्तूचा."

या युक्तिवादापुढे मिस्त्रीणबाईंनी हात टेकले. तर्क म्हणून तो अगदी चोख होता, आणि मिस्त्री त्या तर्कावर इतके खूश झाले की तो त्यांनी न्हाव्यालाही जाऊन ऐकवला.

खुर्च्या नाट्यगृहात पोचल्या. रांगेने बसवून झाल्या, पुसून झाल्या, पिवळ्या दिव्यांत पॉलिश असं काही झळाळलं की मॅनेजरांच्या सुकलेल्या चेहऱ्यावरही तकाकी आली. पहिल्या रात्री नवं शोकनाटक लागलं होतं. गावातली झाडून सगळी प्रतिष्ठित मंडळी आली. मिस्त्रींच्या घरच्यांना पहिल्या रांगेत जागा दिली होती, पण मिस्त्री "इथूनच चांगलं दिसतं" म्हणून मागे दाराशी उभे राहिले. मग मिस्त्रीणबाईही बसेनात आणि मुलगीही बसेना. तिघंही भिंतीला पाठ लावून उभी.

नाटक सुरू झालं. थोडा वेळ सगळं ठीक होतं. मग पहिल्या रांगेतले एक टक्कलवाले गृहस्थ सावकाश डावीकडे कलले. शेजारच्या बाईंनी अंग चोरलं, पण अंग चोरता चोरता त्याही डावीकडेच गेल्या. त्यांच्या मागची रांग कलली. तिच्या मागची कलली. बघता बघता सगळं प्रेक्षागृह वाऱ्यावर झुकलेल्या पिकासारखं एका अंगाला लवलं. लोक दचकून सरळ होत, पुन्हा हळूहळू कलत. अनोळखी माणसांची डोकी अनोळखी खांद्यांवर टेकत होती आणि माफी मागून उचलली जात होती. प्रत्येक रांगेच्या डाव्या टोकाचा माणूस भिंतीला हात लावून सगळ्या रांगेचा भार पेलत होता.

मिस्त्रींचे डोळे पाणावले. "बघ," ते बायकोला म्हणाले, "किती रंगलेत नाटकात. दुःखाने वाकलेत बिचारे."

"दुःखाने माणूस पुढे वाकतो, बाबा," मुलगी म्हणाली. "डावीकडे नाही."

रंगमंचावर नायक मरायला टेकला होता. मरता मरता त्याने एकदा प्रेक्षकांकडे पाहिलं, आणि त्याला काय वाटलं कोण जाणे, तोही डावीकडे कलून मेला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणी. शोकनाटकाचा शेवट असा काही हास्यकल्लोळात झाला की नायिका मृतदेहावर पडून रडायची होती ती चिडून आत निघून गेली.

पडदा पडला आणि मॅनेजर तीरासारखे मिस्त्रींच्या अंगावर आले.

"या खुर्च्या आहेत की होड्या? लोक माना धरून बाहेर पडतायत!"

"खुर्च्यांत काही खोट नाही. मी प्रत्येकीवर जातीने बसलोय."

"मग आता बसून दाखवा. माझ्यासमोर."

मिस्त्री ऐटीत गेले आणि शेवटच्या रांगेत बसले. एकदम आरामात. महिनाभरात इतकं सुख त्यांना कुठे मिळालं नव्हतं. "हे बघा," ते म्हणाले, "मला तर उठावंसंच वाटत नाही."

मॅनेजर त्यांच्याकडे बघत राहिले. मुलगीही बघत राहिली. शे-सव्वाशे माणसं ज्या खुर्च्यांवर तळमळत होती त्या खुर्च्यांवर एक माणूस सुखात बसला होता, आणि तोही चांगलाच डावीकडे कलला होता, फक्त त्याला ते कळत नव्हतं.

"मिस्त्री," मॅनेजर आता ओरडत नव्हते, आणि ते जास्त भयंकर होतं. "पुढचा खेळ पंधरवड्याने आहे. तोवर या खुर्च्या सरळ झाल्या तर झाल्या, नाहीतर सगळ्या जळणाला जातील आणि प्लास्टिकच्या येतील. मग गावात तुमच्या खुर्चीवर कुणी बसेल असं मला वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीणबाईंनी नवऱ्याच्या हातात चपला दिल्या आणि म्हणाल्या, "चला. खुर्च्यांना औषध नसतं, माणसाला असतं."

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, हसऱ्या आणि कमालीच्या शांत होत्या. त्यांनी मिस्त्रींना आधी बसा म्हटलं. मिस्त्री म्हणाले, नको. मग झोपा म्हटलं. डावा गुडघा वर घेऊन आतल्या बाजूला वळवला आणि हलकेच दाबला, तर मिस्त्रींनी अशी आरोळी ठोकली की बाहेर रांगेत बसलेले दोन पेशंट घरी निघून गेले. मग फोटो काढायला एका लांबलचक यंत्रात घातलं, आणि दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई तो फोटो दिव्यावर लावून समजावू लागल्या.

"कुल्ल्यात खूप आत एक स्नायू असतो. नासपतीच्या आकाराचा. आणि कमरेतून पायात उतरणारी एक नस असते, तुमच्या बोटाएवढी जाड. बहुतेकांची नस या स्नायूच्या खालून जाते. तुमची दुभंगलीय. एक फाटा खालून जातो आणि दुसरा सरळ स्नायूच्या पोटातून आरपार."

मिस्त्री फोटोकडे बघत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढलेला माणूस तो. "म्हणजे मूळ जोडणीतच चूक आहे," ते म्हणाले.

"चूक नाही. घडणीचा एक वेगळा प्रकार. असतो काही जणांत, जन्मापासून. अनेकांना तर मरेपर्यंत पत्ताही लागत नाही."

"जन्मापासून? मग इतकी वर्षं गप्प का होतं?"

"तेच मला विचारायचंय. अलीकडे पडलाबिडलात का कुठे?"

मिस्त्री छताकडे पाहू लागले. मिस्त्रीणबाई त्यांच्याकडे पाहू लागल्या. शेवटी, भुशावरून पाय घसरून आपण कारखान्यात सपशेल आपटलो होतो, आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून ते मनावर घेतलं नाही, हे मिस्त्रींनी पुटपुटत कबूल केलं.

"झालं तर मग. स्नायू सुजला, आवळला, आणि आतून जाणारी नस चिमटीत सापडली. उभं राहिलं की जरा सैल, बसलं की चिमटा. गोळ्या देते, व्यायाम दाखवते, गरज पडली तर एक इंजेक्शन. बरे व्हाल. पण काही महिने फार बसायचं नाही. कठीण लाकडावर तर मुळीच नाही."

"पण माझं कामच बसण्याचं आहे."

"कसलं?"

मिस्त्रींनी सांगितलं. "हं" आणि "अंहं" सकट सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई मन लावून ऐकत होत्या.

"आणि बरा झालो की मला पुन्हा पूर्वीसारखं कळेल ना? बसल्याबरोबर?"

"कळेल की. पण तुम्हाला कळेल ते तुमच्या अंगाचं कळेल. दुसऱ्याचं कसं कळणार? आत प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. हे असं तर दहा माणसांत एखाद्याचंच."

त्या अगदी सहज बोलल्या होत्या. पण मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. घरी येताना ते वाटेतली माणसं दहादहाने मोजत होते. दहांत एक. म्हणजे आपण आयुष्यभर ज्या मापाने साऱ्या जगाच्या खुर्च्या मापल्या ते मापच चारचौघांसारखं नव्हतं. गिऱ्हाइकांना छातीवर हात ठेवून सांगितलेलं त्यांना सगळं आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खुर्च्या टेम्पो भरभरून परत आल्या. बैठका सगळ्या काढून नव्या फळ्या बसवायच्या होत्या. मुलीने रात्रीचा दिवस केला. पॉलिशवाल्यानेही केला, पण तो उभ्याने. मिस्त्रींना डॉक्टरीणबाईंनी दाखवलेला व्यायाम करायचा होता, त्यासाठी कारखान्याच्या कोपऱ्यात चटई टाकली होती. तिथे ते उताणे पडून डावा घोटा उजव्या गुडघ्यावर घेत, मांडी छातीशी ओढत आणि "आई गं" म्हणत. कारखान्याचे मालक तिथे असे बेडकासारखे उलटे पडलेले बघून गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरत.

पहिल्या दोन नव्या खुर्च्या तयार झाल्या. मुलीने त्यातली एक दाराजवळच्या उजेडात आणून ठेवली आणि उभी राहिली. करवत थांबली. सगळे मिस्त्रींकडे बघू लागले. मिस्त्री चटईवर पडल्या पडल्या खुर्चीकडे बघत होते.

"तू बस," ते म्हणाले.

मुलगी बसली. फेरी नाही, डोळे मिटणं नाही, नुसती बसली. मिस्त्रींना वाटलं, हिला काही येत नाही. त्यांना वाटलं, उठून सांगावं, अशी नव्हे, अशी. ते गुडघा धरून पडून राहिले.

"काय?" शेवटी त्यांनाच राहवेना.

"डावी-उजवी ठीक आहे. पण पुढची कड मांडीला लागते."

"पुढची कड?" मिस्त्री उठून बसायला गेले, कळ आली, पुन्हा आडवे झाले. "ती कड माझ्या प्रत्येक खुर्चीला आहे! पहिल्या खुर्चीपासून! ती माझी कड आहे!"

"मग पहिल्या खुर्चीपासून लागतेय."

तळपायाची आग मस्तकाला गेली त्यांच्या. आता ही पोरगी नसेचं निमित्त करून सगळंच मोडीत काढणार. "आईला बोलाव," ते गरजले. "ती बसेल. ती सांगेल."

मिस्त्रीणबाई हात पुसत आल्या. कुणी काही सांगायच्या आत दुसऱ्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "लागते की. घरातल्याही लागतात. मी जेवताना पुढे सरकून बसते ते काय हौस म्हणून?"

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुणाला बसवून विचारलंत कधी?"

मिस्त्रींना बायको पुढे सरकून जेवताना दिसत होती, रोज, समोरच, आणि आपण तिला भूक फार आहे असं समजत होतो हेही आठवत होतं. लाज वाटली. मग ते कुशीवर वळले, हात टेकून उठले, फळीवरचा लहान रंधा घेतला आणि लंगडत मुलीच्या खुर्चीपाशी गेले. "ऊठ," ते म्हणाले. "किती काढू, सांग."

कड तासली. मुलगी बसली. "अजून थोडी."

पुन्हा तासली. "अजून?"

"जरासा हात फिरवा. गोल होऊ दे."

असं किती वेळ चाललं कोण जाणे. मिस्त्रींना घाम आला होता, केसांत भुसा गेला होता. मुलगी पुन्हा एकदा बसली. आईच्याही खुर्चीची कड एव्हाना गोल झाली होती, तीही बसली.

"आता?" मिस्त्रींनी विचारलं.

उत्तर आलं नाही. आई मुलीला सांगत होती, की डॉक्टरीणबाईंकडे अजून एकदा जायला हवं, आणि येताना पडद्यांचं कापड बघू. मुलगी म्हणाली, निळं बघ, मागचं फार लवकर विटलं. आईने पाठ टेकली. मुलीने पाय लांब केले. कुणी पुढे सरकलं नाही, कुणी कुठल्या अंगाला कललं नाही, आणि आपण खुर्चीवर बसलोय हे दोघींच्या ध्यानातही उरलं नाही.

मिस्त्री हातात रंधा घेऊन उत्तराची वाट बघत होते. मग त्यांच्या लक्षात आलं, की हेच ते उत्तर. एकदम भरून आलं त्यांना. माणूस अशा वेळी मटकन खाली बसतो. ते उभेच राहिले.